सगळे सर आणि एक मामा

ग्रंथालयातील फाटलेली, वाळवी लागलेली, कोणी कधीही न मागणारी पुस्तके रद्दीत टाकायची झाली तरी तशीच टाकता येत नाहीत. आधी यादी करावी लागते, मग समितीचा ठराव व्हावा लागतो, मग प्रत्येक पुस्तकावर शिक्का पडतो. या सोपस्काराला निर्लेखन असे भारदस्त नाव आहे. किश्श्यांचे निर्लेखन करणारी समिती मात्र कोठेही नसते. त्यामुळे ते साचत जातात. सकाळी आमच्या सिंदी मेघेत चार निवृत्त माणसे फिरायला निघाली की एकेक किस्सा खाली पडतो. माझ्याजवळ साचलेल्यांपैकी निम्मे तर एकाच शब्दाचे आहेत.

शब्द इंग्रजी आहे, दोन अक्षरांचा आहे आणि शेंबड्या पोरालाही येतो. सर!

मी दहावीपर्यंत शिकलो. पुढचे सारे मला कपाटांनी शिकविले. एका कॉलेजात सदतीस वर्षे ग्रंथालय परिचर होतो. परिचर म्हणजे पुस्तके काढून देणारा, लावून ठेवणारा आणि झटकणारा माणूस. जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी ते कॉलेज आहे. गावाचे नाव सांगून कोणाला अडचणीत आणत नाही. शब्दकोश हा माझा आवडता ग्रंथप्रकार. हा शब्द मी तीन कोशांत पाहिला आहे. एक अर्थ असा, की अनोळखी अथवा वरिष्ठ पुरुषाला आदराने हाक मारण्याचा शब्द. दुसरा असा, की इंग्लंडच्या राजाने बहाल केलेला किताब, जो नावाच्या आधी लागतो. आमच्याकडे तो आडनावाच्या नंतर लागतो आणि बहाल करायला राजाची गरज पडत नाही.

आमच्या कॉलेजापुरता तिसरा अर्थही होता, तो कोणत्याच कोशात नाही. ज्याच्या खुर्चीला पाठ, तो सर. ज्याला स्टूल, तो सर नव्हे!

मला स्टूल होते.

हा शब्द मी दिवसाला शंभरदा उच्चारत असे. तो माझ्याकडे एकदा तरी परत यावा, कोणी न सांगता, न शिकविता यावा, एवढी माझी इच्छा होती. ही इच्छा आरंभीच सांगून टाकतो. ज्याला हसायचे असेल त्याने आत्ताच हसून घ्यावे.

*

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी कार्यालयात गेलो आणि तेथील वयस्क लिपिकाला नम्रपणे म्हणालो, "सर, मी वामन झाडे. आजपासून हजर होतो आहे."

लिपिकाने चष्मा कपाळावर चढविला. आजूबाजूला पाहिले.

"मले सर नोको म्हणू बे! कोणी आयकलं तं मलेच बोलतीन. सर लोकं तिकडं, वर्गात. मी बाबू होय. सुपरिटेंडन हाये ते साहेब. अन् बाया असल्या की मॅडम. समजलं?"

"समजले. आणि मी?"

"तू मामा."

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. लग्न व्हायचे होते. बहीण मला नाही.

"अहो, पण मी कोणाचा मामा?"

"सगळ्याईचा!" बाबू म्हणाले आणि चष्मा पुन्हा नाकावर आला.

त्याच दिवशी दुपारी पन्नाशीतले एक प्राध्यापक ग्रंथालयात आले आणि म्हणाले, "मामा, जरा पंखा लावा." मी पंखा लावला. नात्याचा विचार करता त्यांच्या मातोश्री माझ्या भगिनी ठरत होत्या! मी तसे बोलून दाखविले नाही. पण ते गेल्यावर बराच वेळ हिशेब करीत राहिलो, की हजेरीपटावरचा वामन झाडे आता कोणत्या दारातून आत येणार.

तो कधी आलाच नाही. पुढे पुढे पगारपत्रकावर सही करतानाच तेवढे माझे नाव मला भेटत असे.

*

उमाटे सर आमच्या मराठी विभागाचे प्रमुख. देह भारदस्त, आवाज खर्जातला, अक्षर मात्र वाचवत नसे.

एकदा त्यांचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. त्याला अभंग आणि ओवी यांतील फरक हवा होता. मी पुस्तक काढले, चरण आणि अक्षरे मोजून दाखविली, जात्यावरची ओवी आणि ग्रंथातली ओवी वेगळी कशी तेही सांगितले. पोरगा हुशार होता. चार पाने भरभरून लिहून घेतली. उठताना म्हणाला, "लय मस्त सांगतलं मामा! आता सरले इचारून कन्फर्म करून घेतो."

अर्ध्या तासाने उमाटे सर स्वतः आले. दार हळूच लोटून म्हणाले, "मामा, ते ओवीचं कोणत्या पुस्तकात आहे हो? एक पोरगा डोकं खाऊन राह्यला."

मी तेच पुस्तक पृष्ठासह काढून दिले. ते उभ्या उभ्या वाचून गेले.

आणखी अर्ध्या तासाने तो पोरगा धावत आला. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"मामा, तुमचं बरोबर होतं बरं का! सर म्हणाले!"

*

उमाटे सरांचा प्रबंध हा मोठा विषय आहे. मी तो छोटा करून सांगतो.

दोन वर्षे त्यांची हस्तलिखिते माझ्या टेबलावर येत होती. आधी फक्त संदर्भ शोधून द्यायचे होते. मग संदर्भसूची लावायची होती. मग, "मामा, तुमची नजर चांगली आहे, ऱ्हस्व-दीर्घ तेवढं पाहून घ्या." मी ऱ्हस्व-दीर्घ पाहिले. वाक्येही पाहिली. तिसऱ्या प्रकरणात एकच विधान दोन ठिकाणी उलट-सुलट झाले होते, तेही दाखविले. उमाटे सर म्हणाले, "अरे बाप रे! हे तर माझ्या गाइडलाबी दिसलं नाही!" त्या वेळी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. त्या हातावर मी दोन वर्षे काढली.

पदवी मिळाली. पेढे वाटले गेले. प्रबंधाची बांधीव प्रत ग्रंथालयाला भेट आली. दाखल क्रमांक मीच घालायचा होता. मी दार ओढून घेतले, हात धुतले आणि आरंभीचे ऋणनिर्देशाचे पान उघडले. संपूर्ण प्रबंधात मी न तपासलेले ते एकच पान होते.

त्यात मार्गदर्शक होते. संस्थेचे अध्यक्ष होते. सौभाग्यवती होत्या. टंकलेखन करणाऱ्या मुलाचे नाव आडनावासह होते. झेरॉक्सच्या दुकानाचेही नाव होते. आणि सर्वांत शेवटच्या ओळीत होते: "तसेच ग्रंथालयातील मामा."

मी शिक्का मारला. क्रमांक घातला. कपाटात योग्य जागी ठेवून दिला. वर्गीकरणात मी कधी चूक केली नाही.

घरी येऊन पत्नीला सांगितले. ती तूर निवडत होती. न थांबता म्हणाली, "तुमी नाव टाका म्हणून सांगतलं होतं का त्याईले?"

"असे सांगायचे असते काय?"

"मंग भोगा!"

*

आमच्या कॉलेजाच्या तपासणीला बाहेरून समिती यायची होती. सहा महिने आधीपासून रंगरंगोटी चालली होती. कुंड्या भाड्याने आल्या. बंद नळाला पाणी आले. उमाटे सर तोवर प्राचार्य झाले होते. तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांच्या लक्षात आले, की ग्रंथपालाचे पद चार वर्षांपासून रिकामे आहे आणि कागदावर ते भरलेले आहे!

मला केबिनमध्ये बोलाविणे आले. प्रथमच "बसा" असे म्हटले गेले. पाठ असलेली खुर्ची होती.

"मामा, उद्या एक दिवस तुम्ही ग्रंथपाल. कोट आहे ना?"

"नाही, सर."

"ऑफिसातून घ्या. गॅदरिंगच्या नाटकाचे दोन-तीन पडले आहेत. आणि काय आहे, उद्या तुम्हाला सगळे सर म्हणतील. मी नोटीस काढतो."

त्यांनी खरोखर नोटीस काढली! ती वर्गावर्गांत वाचून दाखविण्यात आली. मी ती आजही शब्दशः सांगू शकतो: "उद्या कोणीही विद्यार्थ्याने ग्रंथालयातील मामांना मामा म्हणू नये. सर म्हणावे. आदेशावरून."

दुसऱ्या दिवशी मी कोट घालून उमाटे सरांनी पाठविलेल्या खुर्चीत बसलो. कोट नाटकातल्या वकिलाचा होता. आतल्या खिशात रंगाची डबी निघाली. समितीतील एक वृद्ध गृहस्थ आत आले. त्यांनी वर्गीकरणाविषयी विचारले. मी सांगितले. दुर्मीळ पुस्तकांची नोंद कशी ठेवता, असे विचारले. मी दाखविली. वाचकांची आवड कशी ओळखता, असे विचारले. त्यावर मी पाऊण तास बोललो. तोवरच्या नोकरीत कोणी मला इतके प्रश्न विचारले नव्हते. मी खोटे एकही अक्षर बोललो नाही. त्यांनी मला ग्रंथपाल मानले आणि मी त्यांना थांबविले नाही, एवढाच माझा अपराध. तो अपराध आहे, हे मला मान्य आहे.

एवढ्यात प्रथम वर्षाचा एक मुलगा आत आला. नोटीस त्याच्या डोक्यात पक्की बसलेली होती, पण सवयही पक्की होती. समितीला पाहून तो गांगरला आणि मोठ्याने म्हणाला, "मामा सर, बुक द्या!"

वृद्ध गृहस्थांनी वहीत काही टिपले. मग आदराने विचारले, "मामासर, आपण मूळचे कुठले?"

"वडनेरचा," मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार!

समितीने जाताना लेखी शेरा दिला. त्यात ग्रंथालयाची आणि ग्रंथपालाची विशेष प्रशंसा होती. उमाटे सरांनी तो शेरा चौकटीत बसवून आपल्या केबिनमध्ये लावला. मी त्या रात्री कोट घरी नेला नव्हता. घडी करून टेबलावर ठेवला होता. सकाळी आलो तेव्हा टेबलावर कोट नव्हता आणि टेबलामागे पाठीची खुर्चीही नव्हती. स्टूल होते.

कार्यालयाच्या दारातून नव्या बाबूंनी हाक मारली, "मामा, कोटाचं एक बटन तुटलं म्हनते! तुमीच तोडलं का?"

*

भोयर सर हे आमच्या कॉलेजातील सर्वांत जास्त शिकलेले सर आणि सर्वांत कमी सर.

प्रमोद भोयर हे त्यांचे नाव. तासिका तत्त्वावर होते, म्हणजे शिकवतील तेवढ्या तासांपुरते नोकरीत. सुट्टी लागली की नोकरी संपली, जून-जुलैत नवी मुलाखत. दहा वर्षे ते दरवर्षी नव्याने रुजू होत होते. पक्के होण्याचे आश्वासनही दरवर्षी नव्याने मिळत होते. विद्यार्थ्यांसमोर उमाटे सर त्यांना "आपले भोयर सर" म्हणत. विद्यार्थी पांगले की, "भोयर, ती फाइल आण रे."

प्राध्यापक कक्षात खुर्च्या मोजक्या होत्या. म्हणून मोकळ्या तासाला ते ग्रंथालयात येऊन बसत. माझ्यासमोर, दुसऱ्या स्टुलावर. त्यांच्यासारखा वाचक मी पाहिला नाही. पुस्तक हातात घेतले की आधी अनुक्रमणिका वाचत, मग सूची, मगच मजकूर. मी त्यांना नवी पुस्तके नोंद होण्याआधी दाखवीत असे. एवढा एक नियम मी आयुष्यात मोडला.

एकदा आम्ही दोघेच होतो. मी म्हणालो, "भोयर सर, चहा घेणार?"

ते हसले. "मामा, एक सांगू का? इथं कोणी नसलं तरी मले सर म्हणणारे तुमी एकटेच आहा."

"कोणी नसताना बदलते ते संबोधन नव्हे, सर. ती नाटकाची वेषभूषा झाली."

त्यांनी हातातले पुस्तक मिटले. मग म्हणाले, "तुमच्यापाशी जेवढं शिकलो तेवढं एम. ए.ले नाई शिकलो, मामा."

वाक्य सुंदर होते. शेवटच्या शब्दाशी येऊन मी उगाच थांबलो होतो.

परंतु मी स्वतःशी म्हणालो, हा माणूस म्हणेल. आज ना उद्या, हाच म्हणेल. नोटीस न काढता म्हणेल. दुसऱ्या कोणाकडून अपेक्षा ठेवणे मी त्या दिवसापासून सोडून दिले.

*

माझा निरोप समारंभ दोन प्राध्यापकांबरोबर झाला. वेगळा करण्याइतका तो मोठा नव्हता.

फलकावर तिघांचीही छायाचित्रे होती. दोघांच्या खाली नाव, पदवी आणि सर. माझ्या खाली, "सर्वांचे लाडके मामा." छायाचित्र ओळखपत्रावरून मोठे केलेले होते, त्यात माझ्या कपाळावर कॉलेजाचा अर्धा शिक्काही मोठा झाला होता.

कार्यक्रमपत्रिकेत "सत्कारमूर्तींचे मनोगत" असे छापलेले होते. मी आठ दिवस खपून भाषण लिहिले होते. त्यात कोणावर टीका नव्हती. वाचनाने माणसाला काय दिले, एवढाच विषय होता. दोन पाने, पाठ केलेली. पहिले सर चाळीस मिनिटे बोलले. दुसऱ्या सरांनी आपल्या परदेशवारीसह पन्नास मिनिटे घेतली. मी खिशातून कागद काढून उठू लागलो, तोच सूत्रसंचालक माइकवर म्हणाला, "वेळेअभावी आपण मामांचं मनोगत घेत नाही आहोत. पण मामांच्या मनात काय आहे, हे आपल्या सगळ्यांना माहीतच आहे!"

टाळ्या पडल्या. खूप पडल्या.

उमाटे सरांनी अध्यक्षीय भाषणात सांगितले, "मामांनी या संस्थेला कधी काही मागितलं नाही." हे मात्र खरे होते.

मग जेवणे झाली. माणसे पांगली. मी शाल, श्रीफळ आणि दोन पाने घेऊन निघालो. फाटकापर्यंत पोहोचलो असेन नसेन, मागून उमाटे सरांचा खर्जातला आवाज आला.

"मामा, जाता जाता तेवढ्या खुर्च्या मोजून घ्या! डेकोरेशनवाल्याच्या आहेत!"

एकशे वीस होत्या. मी शाल काढून ठेवली नाही. तशीच पांघरून मोजल्या. निम्म्या मोजून होईतो भोयर सर येऊन दुसऱ्या बाजूने मोजू लागले होते.

*

निवृत्तीनंतर मी पाहिले, की बाहेरच्या जगात हा शब्द फारच स्वस्त झाला आहे. कुरिअरवाला म्हणतो, "सर, ओटीपी." जामच्या चौकात बसमधून उतरलो, की धाब्यावरचा माणूस हायवेपर्यंत येऊन म्हणतो, "या सर, गरम आहे सर." मोबाईलवर कोणी मुलगी मला सर म्हणते आणि कर्ज घ्या म्हणून गळ घालते. मी तिला म्हणालो, "बाई, तुम्ही मला ओळखता काय?" तिने फोन ठेवून दिला.

मुलगा म्हणतो, "बाबा, आता सगळेच सर म्हणतात. झालं ना तुमचं?"

मी त्याला सांगितले, की तो शब्द माझ्यासाठी नसतो. तो माझ्या जागी उद्या दुसरे कोणी उभे राहिले तर त्यालाही मिळेल.

पत्नी आतून म्हणाली, "चाळीस वर्सं झाले, मी तुमाले 'अवो' म्हणून राह्यली. कधी कमी पडलं का तुमाले?"

 

*

मागच्या हिवाळ्यात धाकट्या भावाकडे वडनेरला गेलो होतो. तेथील आठवडी बाजारातून चाललो होतो. भावाच्या सुनेने सांबार आणायला सांगितला होता. पुण्याकडची मंडळी ज्याला कोथिंबीर म्हणतात तो.

एका पोत्यावर वांगी, पालक, सांबार मांडून एक माणूस मान खाली घालून जुड्या बांधीत बसला होता. कानाला मफलर गुंडाळलेला. आवाज आला आणि मी जागच्या जागी उभा राहिलो.

"या सर, बोला सर. ताजा आहे, सकाळीच तोडला."

भोयर सर होते. त्यांच्या घरी भाजीपाला पिकतो हे मला ठाऊक होते. त्या वर्षी कॉलेजाने त्यांच्या जागी कोणी दुसरा घेतला, असे उडत उडत कानावर आलेही होते. पण ते बाजारात बसतात हे मी ऐकले नव्हते.

मी निघून जायला हवे होते. किंवा लगेच बोलायला हवे होते. दोन्हींपैकी काहीच केले नाही.

"पालक देऊ का सर? वांगे पाहा, बिन किडीचे आहेत, सर." त्यांची बोटे सुतळीला गाठ मारीत होती. "सर?"

मी मोजत नव्हतो. पण पाच वेळा झाले होते.

शेवटी त्यांनी मान वर केली. माझे तोंड पाहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला, अगदी दिसेल असा उतरला, आणि ते मनापासून हसले.

"अरे, मामा! तुमी होय! मले वाटलं, कॉलेजचं कोणी आलं."

"नमस्कार, भोयर सर," मी म्हणालो. माझा आवाज मुळातच मोठा आहे.

शेजारच्या पोत्यावरच्या बाईने कांद्याचे पारडे हवेत तसेच धरले. "कोण सर? ह्यो? अवो बाप्पा, हा तं आमचा पम्या होय!"

पलीकडचा टमाटरवाला ओरडला, "ए पम्या! सर होय का बे तू? मंग इथं बोर्ड लाव ना, भोयर सरचा सांबार!"

दोन-चार गिऱ्हाइकेही हसली. कोणीतरी "ओ सर, दोन जुड्या इकडंबी" असा आवाज दिला. भोयर सरांनी मफलर कानांवरून आणखी खाली ओढला. एक जुडी उचलून माझ्या पिशवीत टाकली, आणखी एक टाकली, मग पिशवीचे तोंड धरून ते माझ्याकडे वाकले.

"मामा," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "हात जोडतो तुमाले. इथं तेवढं सर नका म्हणू."

मी त्यांच्याकडे पाहिले.

"बरे, सर," मी म्हणालो.